बॅरलच्या तळाचं पाणी

मैत्रिणींनो, आज सकाळी ज्या बाईशी भांडले, तिचेच आभार मानायला बसलेय.

आशाताई डासांच्या अळ्या तपासायला दारात आल्या. मी म्हणलं, "बॅरलला हात लावू नका. आमच्या लातुरात नळ आठ दिवसांनी येतोय, पाणी सांडू देणार न्हाई. आणि आमच्याकडं सगळं झाकलेलं हाय."

त्यांनी झाकण उचलून बॅटरी मारली. आत अळ्या वळवळत होत्या.

"पाणी तर परवाच भरलंय."

"पण काकू, बॅरल कधी घासलंय?"

मला आठवेना. तळाचं पाणी सांडायचं आपल्या जिवावर येतं, म्हणून नवं पाणी जुन्यावरच भरतो. ताईंनी दाखवलं, झाकणातल्या पाइपाच्या फटीतून डास आत जातो, अंडी आतल्या कडेला चिकटतात आणि पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात.

आता ही बाई बॅरल उपडं करणार, असं वाटलं. पण तिनं पदर खोचला, माझ्या जुन्या ओढणीतून पाणी बादल्यांत गाळलं, बॅरल आतून घासून काढलं आणि पाणी परत आत भरलं. म्हणाली, "माझ्या घरी पण आठ दिवसांनीच येतंय की."

तिच्यासमोर रडायलाच आलं मला.

मागच्या वर्षी लेकीला डेंग्यू झाला, तेव्हा मी समोरच्या वहिनींच्या कूलरला दोष दिला होता. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडं जायचं ठरवलंय. काय म्हणून सुरुवात करू, सांगा.