ताजं पाणी आणि दादाची भुवई

मंडळी, दुपारी मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, त्याच्या नातीसाठी बोरीवलीला गोल्डफिश घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "नळाचं पाणी थेट टाकीत ओतू नका, त्यातल्या क्लोरीनने नवे मासे मरतात. एक दिवस उघडं ठेवा, आणि बदलताना थोडंच बदला."

मी दादाच्या भुवईकडे पाहिलं.

ऐंशीच्या दशकातली आमची घाटकोपरची चाळ. बाबांनी हौसेने दोन गोल्डफिश आणले होते. आमच्याकडे सकाळी नळ आला की कालचं पाणी शिळं, ते ओतून हंडे-कळश्या भरायच्या. मी माशांच्या बरणीचंही तेच केलं. घासून काठोकाठ ताजं पाणी भरलं. मासे तडफडले, आ वासत वर आले आणि संध्याकाळपर्यंत मेले.

दादाला त्यांना जास्त खायला घालायची खोड होती. बाबांनी त्यालाच धरला आणि पट्ट्याने बडवला. "मुक्या जिवांना मारतोस?" असं विचारत मारत होते. बकल भुवईवर बसलं, रक्त बरणीवर उडालं. आई मध्ये पडली, तिलाही दोन बसले. मासे मेले म्हणून पोराला फोडायचं, हे आजही माझ्या डोक्यात जातं.

मला कोणी बोटही लावलं नाही. ताज्या पाण्याने कोणी मरतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आज दुकानात दादाने भुवईवरचा व्रण चोळला. "पाणी तू बदलायचीस ना गं?" एवढंच म्हणाला.

रिक्षात मी पिशवीतल्या माशांकडेच बघत राहिले. तुम्ही काय बोलला असतात?