झिजल्याशिवाय हळदकुंकू नाही

खंडेनवमीला त्या गावात झाडून सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. विळे, खुरपी, वखराची पास, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, इतकंच काय, न्हाव्याची कात्रीसुद्धा त्या दिवशी हळदकुंकू लावून घेऊन आराम करायची. मी गावात नवीन होते. सरपंच पूजेचं ताट घेऊन ग्रामपंचायतीच्या संगणक खोलीकडे निघाले, मागून चार-पाच मंडळी, एकाच्या हातात नारळ, म्हणून मीही मागोमाग गेले. पाहते तर दारात एक बाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी. "ह्यानं वर्सभर काय काम केलं भाऊ?" तिनं सरपंचांना विचारलं. "माह्या खुरप्याची मूठ पाहा, झिजून अर्धी झाली. ह्याच्यावरची प्लास्टिकची पन्नी बी निंगाली नाही अजून. झिजल्याशिवाय हळदकुंकू नाही!"

त्या बाई म्हणजे काकू. सगळं गाव त्यांना काकूच म्हणे, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. भाजीपाला पिकवणारं घर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि बाजाराला न्यायची. मी मूळची जानेफळची. शिक्षिकेच्या नोकरीनं मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आणून टाकलं आणि काकूंच्या शेजारची खोली मिळाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई भांडखोर दिसते. होत्याच. भांडताना त्यांचा डोक्यावरचा पदर खांद्यावर येई आणि भांडण जिंकलं की सावकाश पुन्हा डोक्यावर जाई. पदर कुठे आहे ते पाहून आम्ही लांबूनच निकाल ओळखायचो.

त्या संगणक खोलीची हकीकत ऐकली तेव्हा माझाही पदर खांद्यावर आला. डोंगरातल्या वस्त्यांवर भिलाला आणि कोरकू लोक राहतात. त्यांना आणि पायथ्याच्या गावकऱ्यांना संगणक, इंटरनेट जवळच्या जवळ मिळावं म्हणून ही खोली मंजूर झाली होती. संगणक आले, खुर्च्या आल्या, मोठा रंगीत फलक लागला. फीत कापून झाली, फोटो झाले, आणि पाहुण्यांच्या गाड्या गेल्या त्याच संध्याकाळी सरपंचांनी दाराला कुलूप घातलं. महागाच्या वस्तू, पोरं बिघडवतील, असं त्यांचं म्हणणं. वर्षभर ते कुलूप फक्त पूजेला उघडायचं. लोक त्या दारावरून जाताना चपला काढायला लागले होते. मला याचा आजही संताप येतो. चोर परवडले; ते निदान चोरलेली वस्तू कुणाच्या तरी वापरात आणतात.

त्या पूजेनंतर काही महिन्यांनी काकूंचा राग पेटला, त्याचं कारण मात्र वेगळं होतं आणि त्या कारणाचं नाव सुमली. सुमली वरच्या वस्तीवरची भिलाला बाई. तिच्या मोठ्या मुलीनं आमच्याच शाळेतून सातवी केली होती, पुढे शिकायचं तर बुलढाण्याच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी होती, आणि तो अर्ज इंटरनेटवरच भरायचा होता. सुमली पहाटे डोंगर उतरायची, काळीपिवळीत बसून तालुक्याला जायची आणि संध्याकाळी हात हलवत परत यायची. कधी सर्व्हर बंद, कधी लाइट नाही, कधी गर्दी. एकदा ती स्टँडवर भाकर खात बसली होती तेव्हा काकूंनी विचारलं. तिनं आपल्या मोडक्या हिंदी-मराठीत सांगितलं, "साहेब बोलला, कल आना. रोज बोलते, कल आना." काकूंनी मागे वळून पाहिलं. स्टँडच्या समोरच ती कुलूपबंद खोली. "अवं, इथी मशीनी झोपा काढून राह्यल्या अन् तू जीपगाडीनं कोठी चालली?" असं म्हणून त्या तिला हाताला धरून सरपंचांच्या घरी घेऊन गेल्या. सरपंच शेतात होते. दुसऱ्या दिवशी लग्नाला गेले होते. तिसऱ्या दिवशी किल्ली सापडत नव्हती. अर्जाची मुदत निघून गेली आणि ती पोरगी वर्षभर घरी बसून बकऱ्या राखत राहिली. हुशार पोरगी होती. मी तिला शिकवलं होतं, म्हणून सांगते.

त्यानंतरच्या ग्रामसभेत सरपंच गावाच्या प्रगतीबद्दल बोलत होते. "आपल्या गावात अद्ययावत संगणक केंद्र" इथपर्यंत आले आणि काकू उठल्या. "मंग चाला ना भाऊ, सभा तिथीच भरवू. आमी बी पाहू कसं असते." बचत गटाच्या बायका उठल्या, त्यांच्या मागे पुरुष उठले, सरपंचांनाही उठावं लागलं. किल्ली या वेळी खिशातच निघाली, पण वर्षभराच्या पावसापाण्यानं कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना. काकूंनी बाजूचा दगड उचलला आणि सगळ्या सभेच्या साक्षीनं ते फोडलं. मग घरी जाऊन त्या आपल्या कोठीचं कुलूप घेऊन आल्या. त्याची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला बांधलेली होती आणि ती तिथेच राहिली. आता कुलूप काकूंचं, म्हणून खोलीही काकूंकडे, असा साधा हिशेब गावानं करून टाकला. आमच्या गावाला कायदा कळत नसेल, पण कुलूप कुणाचं हे कळतं.

खोली सुरू झाली तशी काकूंची कारकीर्दही सुरू झाली. स्वतः काकूंना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. शिकवायला मी जायचे, शाळा सुटल्यावर. काकू दारात मेथीच्या जुड्या बांधत बसायच्या आणि शिस्त सांभाळायच्या. त्यांचा कायदा एकच: जो जास्त लांबून चालत आला, तो आधी बसेल. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा मोटारसायकल लावून आत घुसायला लागला की काकूंचा आवाज यायचा, "काऊन बे, तू डोंगर उतरून आला का? बस तिकडं. पयले वरचे." तो म्हणायचा, "काकू, माहं दोन मिनिटाचं काम हाय." "मंग दोन मिनिट थांबाले तुह्या बापाचं काय जाते?" गावातल्या काही लोकांना हे फार लागलं. आदिवासींना डोक्यावर बसवून ठेवलं, असं पारावर बोलणं झालं. काकूंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आणखी मोठ्यानं "पयले वरचे" म्हणायला लागल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्या कुणाचं काम कुणाला करू द्यायच्या नाहीत. मी घाईनं एखाद्याचा अर्ज भरून द्यायला बसले तर माझ्यावर डाफरायच्या. "मॅडम, तुमची बदली झाली की त्यानं कोनाकडं जावं? दाबू द्या त्याच्या बोटानं." एक कोरकू म्हातारा बटण इतक्या हळूच दाबायचा की ते दबायचंच नाही. काकू म्हणाल्या, "बुढेबा, वांगं पिकलं का नाही ते पाह्यता तसं नोको. गाईच्या पाठीवरची गोमाशी मारता ना, तसं!" त्यानं मारलं. तेव्हापासून सगळी खोली तशीच बटणं मारायची. त्या आवाजानं माझं डोकं दुखायचं. आज तो आवाज कानावर पडावा म्हणून मी काहीही देईन.

इंटरनेटनं आम्हाला फार छळलं. रस्ता खोदला की वायर तुटायची, आणि रस्ता तर सदा खोदलेलाच. मी फोन लावला, तेव्हा पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की इंटरनेट बंद असल्याची तक्रार फोनवर घेत नाहीत, ती इंटरनेटवरून करावी लागते. मी काकूंना हे सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. खरं आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंजे घराले आग लागली तं पयले चूल पेटवा म्हनते का थो?" आणि विळा खाली ठेवून त्या तालुक्याच्या गाडीत बसल्या. तिथे त्या कुणाला काय बोलल्या ते कळलं नाही, पण चौथ्या दिवशी माणूस येऊन वायर जोडून गेला. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. साधी वायर जोडायला एका बाईनं दर खेपेला आपलं शेत सोडून जावं लागतं, याची त्या कार्यालयात कुणालाच लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी सुमलीच्या मुलीनं वसतिगृहाचा अर्ज स्वतः भरला. शेजारी सुमली, मागे काकू, दारात अर्धी वस्ती. तिनं शेवटचं बटण मारलं, पडद्यावर अर्ज पोचल्याचं आलं, आणि सुमलीनं पहिल्यांदा विचारलं काय तर, "कल आना नहीं?" काकूंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "नाही बाई. झालं." पोरगी बुलढाण्याला गेली. तिच्यामागून त्या वस्तीवरच्या आणखी मुली गेल्या.

मग पाहणीसाठी साहेब आले. काकूंनी खोली झाडून ठेवली होती, चहा केला होता. साहेबांनी संगणकांवरून बोट फिरवून धूळ पाहिली. कीबोर्ड उचलला, उजेडात धरला. अर्ध्या बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती, आणि शब्दांमध्ये जागा सोडायचं लांब बटण पार गुळगुळीत झालं होतं. "यंत्रांची काही निगाच राखली नाही," साहेब म्हणाले. "त्या दुसऱ्या केंद्रात जाऊन पाहा. कसं नव्यासारखं ठेवलंय!" ते दुसरं केंद्र मी पाहिलं होतं. एका मोठ्या गावात, गाद्यांच्या खुर्च्या, दाराला कुलूप, आणि संगणकांवर अजून पन्नी. त्या केंद्राला आदर्श म्हणून गौरवलं होतं.

काकू आत गेल्या नाहीत, दारातूनच बोलल्या. भांडणाचा आवाज नव्हता. "साहेब, नांगराचा फाळ चकचकीत कवा राह्यते? वावरात चालते तवा. घरात ठेवला तं गंजते. तुमी झिजेल पाहून नाराज झाले. आमच्याकडं झिजेल पाहून पाया पडतात." साहेब हसले. बरं बोलता बाई, म्हणाले. चहा प्यायले आणि गेले. काही दिवसांनी हुकूम आला: या केंद्रातली यंत्रं निगेअभावी खराब होत आहेत, सबब ती आदर्श केंद्रात हलवावीत.

काकूंनी सांगून टाकलं, मी दारात आडवी होईन. झाल्याही असत्या. पण यंत्रं न्यायला माणसं आली ती बाजाराच्या दिवशी, काकू डोक्यावर भाजी घेऊन गेल्यावर. कुणी तरी गावातूनच दिवस सांगितला असणार. मी वर्गात होते. मुलांचा गलका ऐकून धावत गेले तोवर सामान गाडीत चढलं होतं. मी ओरडले, हुकूम मागितला, तो त्यांनी दाखवला. सही, शिक्का, सगळं चोख होतं. चूक सापडली नाही की माणूस किती हतबल होतो! काकूंचं कुलूप मात्र त्यांनी नीट काढून चौकटीवर ठेवलं होतं. आणि तो झिजलेला कीबोर्ड निकामी म्हणून तिथेच कोपऱ्यात टाकून दिला होता.

संध्याकाळी काकू रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. खोलीत उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरच होता. कीबोर्ड उचलला, पदरानं पुसला आणि घरी घेऊन गेल्या.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी मला बोलावलं. पाटावर खुरपी, विळा, तागडी, आणि मधोमध तो कीबोर्ड. काकूंनी त्याला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. "ह्यानं काम केलं," म्हणाल्या. तालुक्याला, जिल्ह्याला त्यांच्या चकरा चालूच होत्या, खोली परत मागायच्या. कुणी नाही म्हणायचं नाही. सगळे म्हणायचे, उद्या या. पुढच्या वर्षी पाटावर कीबोर्ड पुन्हा होता, पण काकूंनी सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं आणि त्याला लावलं नाही. मी विचारलं, तर माझ्याकडे रागानं पाहिलं. "औंदा यानं काय केलं मॅडम? कायदा मंजे कायदा. हा काम करंल तवा लावू."

माझी बदली नांदुऱ्याला झाली. काकूंच्या पोटाचं दुखणं तोवर वाढलं होतं. शेवटचं भेटले तेव्हा अंथरुणावर उठून बसल्या आणि माझी चौकशी न करता विचारलं, "खोलीचं काही कळलं का?" नाही म्हणताना माझी मान खाली गेली. त्या उन्हाळ्यात काकू गेल्या.

यंदा खंडेनवमीला मी मुद्दाम त्या गावी गेले. स्टँडवर सुमली दिसली, धाकटीला घेऊन काळीपिवळीची वाट पाहत. मोठी बहीण शिकते आहे, आता हिचा अर्ज. पूजेच्या दिवशी तालुक्याचं केंद्रही बंद असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पोरीला म्हणाली, "कल." समोरची खोली तशीच, आता तिथे सिमेंटच्या गोण्या आहेत, फलक मात्र कायम आहे. मी त्या दोघींना घेऊन काकूंच्या घरी गेले.

सुनेनं पाट मांडला होता. खुरपी, विळा, तागडी, मधोमध कीबोर्ड. मी वाकले, काकूंची आठवण येऊन डोळे भरले होते, आणि नकळत बोट कुंकवात बुडवून कीबोर्डकडे नेलं. सुनेनं माझं मनगट धरलं.

"मॅडम, त्याले नोको. आत्याबाईनं सांगेल हाय. मशीनी वापस आल्याबिगर त्याले कुंकू नाही."

सुमलीच्या धाकटीनं कोरड्या बटणांवर बोट टेकवलं आणि गोमाशी मारावी तसं एक बटण मारलं. मी माझं बोट पदराला पुसलं.