पुलाच्या अलीकडचं तिकीट

पुण्याहून घरी आलं ते असं: तुळशीबागेतली लहान पितळी समई, दोन रुपये सहा आणे. चकलीचा सोऱ्या, एक रुपया दोन आणे. स्टोव्हच्या पिनांचे दोन पुडे, दोन आणे. शांतावन्संना शाळेत न्यायला कापडी पिशवी, चौदा आणे. गौराक्काच्या म्हशीच्या गळ्यात बांधायला घंटा, दीड रुपया. ही तिची तिनं घेतली, पण आणली माझ्या ट्रंकेतून. तिसऱ्या वर्गाचं जाऊन-येऊन भाडं माणशी अकरा रुपये.

मैत्रिणींनो, आपली फिरती वही सोलापूरहून परवा टपालानं मिळाली. मागच्या तीन पानांवर तुमची काशी, रामेश्वर आणि दार्जिलिंग आहे. माझं पुणंच आहे, तेही पाच दिवसांचं. गेले होते मात्र एका कामासाठी, ते आधी सांगते.

संस्थान होतं तेव्हा आम्ही देवळाजवळच्या पेठेत राहत होतो. पहाटेची घंटा अंथरुणात ऐकू यायची, आणि अंबाबाईला जायला चप्पलसुद्धा घालावी लागत नसे. आता ओढ्यापलीकडच्या नव्या वसाहतीत दोन खोल्या बांधल्या आहेत. हवा छान, पाणी मुबलक, पण गाव दोन मैलांवर. गेल्या दसऱ्याला शहराची बस पुलापुढं वाढवून आमच्यापर्यंत आणली. आम्ही बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, कंडक्टरला पेढा दिला. मला तर देवळाची घंटा पुन्हा जवळ आल्यासारखी वाटली.

बसचा सगळ्यांत मोठा उपयोग माझ्या नणंदेला, शांतावन्संना. लहानपणीच्या तापानं त्यांचा डावा पाय गेला. पण त्या शिकल्या, आणि बस आल्यावर गावातल्या मुलींच्या शाळेत त्यांना नोकरी लागली. पहिल्या पगारात त्यांनी देवीची ओटी भरली आणि सासूबाईंना लुगडं घेतलं. त्या दिवसापासून त्या घरात मोठ्यानं बोलू लागल्या, एवढंच लिहिते.

तर या पौषात बसमध्ये कागद लागला: पुलापुढं उत्पन्न नाही, सबब पुढच्या पाडव्यापासून गाडी पुलावरूनच परत फिरेल. पूल ते आमचं घर एक मैल. टांगा करायचा तर वन्संचा निम्मा पगार त्यातच जाणार. नोकरी सोडावी लागली असती. त्यांनी कागद वाचला आणि घरी येऊन वह्या तपासत बसल्या.

माझे दादा पुण्यात बसच्या हिशेबखात्यात कारकून आहेत. एवढं मोठं शहर, इतक्या लांब लांब गाड्या जातात, त्यांचा खर्च कसा निघतो, हे त्यांना विचारायला मी निघाले. सोबतीला गौराक्का. वसाहतीच्या टोकाला तिच्या चार म्हशी आहेत, रोज बसनं गावात दूध घालते. नवऱ्याला म्हणाली, "म्हशी तुमी बगा. म्या पुणं बगून येतो."

सकाळची गाडी घ्यावी, दिवे लागायच्या सुमारास पुणं येतं. मिरजेला गाडी बदलावी लागते, तेव्हा सामान थोडं ठेवा. भाकरी, झुणका, दह्यानं भरलेला झाकणाचा सट आणि फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी न्यावं. स्टेशनावरची पुरी घेऊन पस्तावले. कृष्णेच्या पुलावर मी एक पैसा पाण्यात सोडला.

"वयनी, सोडा की दोन आनं. तुमचं काम मोठं हाय," गौराक्का म्हणाली.

"देवाला भाव समजतो."

"व्हय, आन् तुमालाबी भाव बराबर समजतोय!" म्हणून ती डबाभर हसली. जेजुरी मात्र गाडीतून नीट दिसते, हात जोडायला वेळही मिळतो.

दुसऱ्या दिवशी कसब्याच्या गणपतीला जाऊन मी एकटीच आपल्या जुन्या शाळेकडं गेले. फाटक तेच, रंग हिरवा झालाय. समोर टांग्यांचा अड्डा होता तिथं आता बसचा थांबा, आणि माणसं, सायकली, हातगाड्या इतक्या की रस्ता ओलांडायला मला आठ मिनिटं लागली. लकडी पुलाजवळ मुद्दाम थांबले. आठवतं ना? पावसाचा टांगा केला तर पुलाच्या अलीकडं उतरायचं, पैसा वाचवायचा आणि त्याचा एक पेरू चौघींत खायचा. तो बारका, तिखट-मीठ लावलेला पेरू. टांगेवाला ओरडायचा, "पोरींनो, भिजाल!" पुलावर उभी राहून मी पोटभर हसले, आणि मग डोळे पुसले. त्या चौघींतल्या दोघीच आता वही वाचतात.

दुपारी दादांनी आम्हां दोघींना शहराच्या पार टोकाला, नव्या वसाहतीत जाणाऱ्या बसनं न्यायचं ठरवलं. थांब्यावर लांब रांग. गाडी आल्याबरोबर गौराक्कानं आपलं गाठोडं खिडकीतून आतल्या बाकावर टाकलं. आपल्याकडं जागा अशीच धरतात.

चष्मा लावलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, इथं रांग असते."

"आमी कुटं न्हाय म्हणतोय? म्या रांगंतच हाय की. गठुळं तेवडं फुडं गेलंय."

"मग गाठोड्याचंही तिकीट काढा."

"काडतो. तुमच्या मांडीवर बसंल, चालंल न्हवं?"

दादा दुसरीकडं बघू लागले. गाठोडं शेवटी त्या बाईंच्याच शेजारी बसलं, आणि मंडई येईपर्यंत गौराक्का त्यांना म्हशीच्या कासेची दुखणी सांगत होती.

मंडईपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग लोक उतरत गेले. पुढं शेतं लागली, बाभळी लागल्या, आणि शेवटी आम्ही धरून सहा माणसं उरली. मी मनात बेरीज केली. डिझेल, दोन नोकर, टायर; आणि सहा तिकिटं.

"दादा, या रिकाम्या गाडीचा खर्च कोण देतं?"

"मघाशी मंडईत उतरले ना, ते देतात," दादा म्हणाले. "गर्दीच्या थोड्या अंतराला जरा जास्त भाडं ठेवतात, त्यातून लांबचं भागवतात. लोक कुरकुरतात, पण देतात. इथं वस्ती वाढली की ही गाडीही भरेल. पण इथपर्यंत माणसं येतात हे आधी कागदावर दिसायला लागतं. तुमच्याकडं पुलापुढं किती येतात?"

"पुष्कळ! वीस-पंचवीस बायका रोज."

"मग उत्पन्न नाही कसं?"

तेव्हा मी त्यांना आमची युक्ती सांगितली, अगदी कौतुकानं. गाव ते पूल एक आणा. पुलापुढं नवा टप्पा लागतो, अर्धा आणा जास्त. म्हणून आम्ही सगळ्या पुलाच्या अलीकडं उतरतो आणि गप्पा मारत चालत जातो. पहिल्या आठवड्यात ही गोष्ट मीच सगळ्यांना शिकवली. महिन्याला माणशी एक रुपया दहा आणे वाचतात. हळदीकुंकवाला माझं नाव निघालं होतं त्यावरून.

दादांनी माझ्या हातातलं तिकीट घेऊन त्यावरचा आकडा दाखवला. "कमल, हिशेबाला माणूस दिसत नाही. हा आकडा दिसतो. तुम्ही पुलाचं तिकीट काढता, म्हणजे पुलापुढं कुणी राहतच नाही."

"आन् माज्या म्हशी काय वाऱ्यावर बांदल्यात व्हय?" गौराक्का भडकली. मग हळूच म्हणाली, "वयनी, म्या बी पुलावरच उतरतो की हो."

शेवटच्या थांब्यावर एक मारुतीचं लहान देऊळ आहे. तिथं मी बराच वेळ बसले. डोळ्यांपुढं एकच येत होतं: आम्ही घोळक्यानं ओढ्याच्या कडेनं चाललोय, शेजारून धूळ उडवत बस जातेय, आणि त्या रिकाम्या बसमध्ये वन्सं एकट्या. आम्ही हात हलवायचो. कंडक्टर म्हणायचा, "बाई, एवडी मोटी गाडी तुमच्या एकटीसाठनं, राणीसरकार म्हणायचं की!" आणि आम्ही हसायचो.

पुण्यातले उरलेले दोन दिवस खरेदीत गेले. घासाघीस करायला मन लागेना, म्हणून समईचे चार आणे जास्तच गेले असावेत.

घरी आल्यावर वन्संना पिशवी दिली आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ द्या वहिनी. त्या म्हणाल्या, "तुम्ही हात हलवायच्यात ना, ते मला कधी आवडलं नाही. मला वाटायचं, मी पांगळी म्हणून ही गाडी पुढं जाते. रोज उतरताना कंडक्टरची माफी मागावीशी वाटायची."

आठ वर्षं एका घरात राहून हे मला पुण्याला जाऊन आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी बायकांना गोळा केलं. चालल्यानं पाय बरे राहतात, असं एकीनं सांगितलं. वर्षाचे साडेएकोणीस रुपये होतात, असं दुसरीनं. हिशेब मीच शिकवलेला, चुकणार कसा? शेवटी गौराक्का उठली. "उद्या जी पुलावर उतरंल, तिला म्या दूध न्हाय घालणार. पान्याचंबी न्हाय!" मग मात्र सगळ्या हसल्या.

दुसऱ्या संध्याकाळी गावातून परतताना पूल आला, आणि एकही बाई उठली नाही. कंडक्टर दोनदा ओरडला, "पूल! पूल आला की ओ! झोपलासा काय?" वन्संनी खिडकीकडं तोंड फिरवलं होतं. पुलापुढचा मैल मी त्या दिवशी पहिल्यांदा गाडीतून पाहिला. तीन मिनिटांचा आहे.

महिनाभरानं आम्ही कचेरीत गेलो. तिकिटांचे आकडे साहेबांनी मान्य केले, पण म्हणाले, एवढ्यानं भागत नाही. गावातल्या भाड्यात पैसा-दोन पैसे वाढवून लांबचं भागवावं, तर देवळाकडचे लोक ओरडतील. खरंच ओरडतील. पेठेत राहत असते तर त्या तक्रारीवर पहिली सही माझीच झाली असती. शुक्रवारी देवीला जाताना तो वाढीव पैसा मी देईन, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या गावांत असं चालतं याचा पुरावा आणा. गाडी तोवर चालू राहील, पण फक्त चैत्र अखेरपर्यंत.

म्हणून वही पुढं पाठवताना विनंती करते. सोलापूर, बेळगाव, नागपूर, जिथं असाल तिथं एकदा बसनं अगदी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन या. गावातलं भाडं किती आणि टोकाचं किती, ते लिहून दोन्ही तिकिटांसह उलट टपाली कळवा. वहीची वाट पाहू नका, साधं पाकीट चालेल. शांतावन्संची शाळा चैत्रानंतरही असणारच आहे.