नकाशातली चिंच

तिरोड्याहून माणूस आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी अंगणात मोहफुले वाळत घालत होते. दादा पहाटे गेला, हिवतापाने, असे त्याने सांगितले. मी त्याला पाणी दिले, फुले गोळा केली, टोपलीवर सूप झाकले आणि निघाले. रडू तेव्हा आले नाही. आता ज्येष्ठ लागला, अजून आलेले नाही...

दादा माझा थोरला भाऊ. तिरोड्यात त्याचा धानाचा व्यापार होता. गाडीवानांशी आणि मापाऱ्यांशी दिवसभर भांडून झाले की संध्याकाळी तो जुना नकाशा पसरून बसे. सरकारी मोजणीच्या वेळचा, कापडावर डकवलेला. एका मालगुजाराच्या माळ्यावर उंदरांनी कुरतडायला घेतला होता, तिथून मागून आणलेला. त्यात आमच्या आईचे माहेर होते. जमिनीवर ते गाव उरलेले नाही. दादा तिथेच जन्मला. तान्हा असताना तापाने काळानिळा पडला, तेव्हा आईने गावदेवी मातामायला नवस बोलला, पोर जगले तर खण-नारळ वाहीन. पोर जगले. पण नवस फेडण्याआधीच पटकी आली, अर्धे गाव मेले, उरलेले पांगले. शेवटच्या आजारातही आई म्हणत होती, "तरावाच्या काठाले मोठी चिंच हाये, तिच्याखाली माय बसली हाये. कोनी तरी जाजा रे बापा."

दादाचा नवसावर विश्वास नव्हता. आईचा होता, तेवढे त्याला पुरे होते.

दरवर्षी धान घरात आले की त्याचा निरोप येई आणि आम्ही गाडी जुंपून नकाशात त्या गावाशेजारी दाखवलेल्या तलावावर जायचो. कानावर पेन्सिल आणि हातात नकाशा घेऊन तो पुढे, शिदोरी घेऊन मी मागे. चिंचा पुष्कळ सापडल्या, त्यांच्याखाली गाव कुठेच नव्हते. नकाशातले अंतर पायाखालच्या अंतराशी कधी जुळत नसे. एकदा एका गुराख्याने विचारले, "का जी सेठ, जंगल इकत घेऊन राहिले का?" दादा म्हणाला, "नाही गा, मामाचं घर शोधून राहिलो." गुराखी हसला. "मंग इतका उशीर काऊन केला?"

गेल्या पौषात आम्ही तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर, बसून भात खात होतो. दादाचा घास हातातच राहिला.

"शांते, नकाशात ही पाळ नाही."

नकाशातला तलाव लहान होता. गाव उठल्यावर कोणीतरी नवी, उंच पाळ बांधली असणार आणि पाणी मागे पसरले असणार. दादाने पाळीवरून हिंडून आजच्या पाण्याची कड पेन्सिलीने नकाशावर काढली. गाव त्या रेषेच्या आत आले. कामे उरकली की आम्ही यायचो, आणि नेमका तेव्हाच तलाव भरलेला असायचा. ज्या काठावरची चिंच आई सांगत होती, तो काठच पाण्याखाली होता.

"जेठात येऊ," तो म्हणाला. "पाणी आटलं की."

"उन्हात मराले?"

"टोपी घालीन न वो."

चैत्रात तो गेला.

परवा मी गाडी जुंपून गेले. खण-नारळ आणि तिरोड्याहून आणलेला नकाशा घेतला, दादाची टोपीही घेतली, कशाला ते माहीत नाही. तलाव आटला होता आणि शेजारचे सारे गाव चिखलात उतरून मासे धरत होते. नकाशा पाहत मी मधोमध गेले. चिंचेचा बुंधा होता. काळा, निसरडा, कमरेएवढा. मातामाय दिसली नाही. लोकांनी जाताना नेली असेल, नाहीतर गाळात असेल. बुंध्यावर खण ठेवला आणि नारळ फोडला. मासोळ्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली.

"कोनाचा नवस व बाई?"

"मायचा."

"कोनासाठी बोलली होती?"

"भावासाठी."

"मंग? झाला का बरा?"

"झाला होता," मी म्हणाले. "चांगला मोठा झाला." म्हातारीने बुंध्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला.

घरी आल्यावर नकाशा जमिनीवर पसरला. पेन्सिलीच्या रेषेआत चिंच मांडायची राहिली होती. दादाची पेन्सिल नकाशाच्या पिशवीच्या तळाशी सापडली, मागचे टोक चावून चपटे झालेले. मी खूण केली आणि नकाशा गुंडाळून ठेवला. मग चुलीवर आधण ठेवले, तांदूळ निवडायला बसले. पेन्सिल कानावरच राहिली होती...