मामाचा अर्धा तास

त्याचं खरं नाव हजेरीवहीबाहेर कुणी घेत नसे. सगळे त्याला ‘अर्धा तास मामा’ म्हणत. मत्स्यबीज केंद्रात सत्तावीस वर्षं माशांची पिल्लं वाढवली, आणि सत्तावीस वर्षं एकच टुमणं लावलं: पिल्लांची पिशवी आधी तळ्यात तरंगू द्या, थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या, पिल्लांना पाण्याची सवय झाली की अर्ध्या तासानं सोडा. बायको म्हणायची, “हा माणूस चहासुद्धा अर्धा तास निवू देतो, आणि वर मलाच विचारतो, गार का दिलास!”

पण ऐकतंय कोण? गेल्या वर्षी खाणवाल्यांनी पिल्लं सोडण्याचा सोहळा केला. बोटीतून पिशव्या भदाभदा ओतल्या, फोटो काढले, गेले. आठवड्याभरात तळ्यात एकही पिल्लू दिसेना. खाणीचा तांबूस गाळ ओढ्यातून थेट तळ्यात उतरतो, हे आंधळ्यालाही कळेल. पण वरच्या कचेरीचा कागद आला कुणाला? मामाला! ‘बीज निकृष्ट. यंदाही जगलं नाही तर केंद्र बंद.’ चोर सोडून संन्याशाला फाशी! मामा चार दिवस जेवताना गाळाशिवाय दुसरं बोलला नाही. शेवटी बायको वैतागली, “मला काय सांगता? मी ओतते का गाळ?”

यंदाचा सोहळा ठरला तोही नेमका ओढ्याच्या तोंडाशी. का, तर तिथवर गाडी जाते! मामानं चाळीस पिशव्या आणल्या. एकोणचाळीस टेम्पोत सावलीला ठेवल्या, एक पाण्यात तरंगत ठेवली. खाणीचे साहेब बाह्या सरसावून आले.

“ओता मामा, उशीर होतोय.”

“अर्धा तास थांबावं लागेल, साहेब.”

“अहो, फोटोपुरतं तरी...”

“अर्धा तास! कागद माझ्या नावानं येतो, तुमच्या नाही.”

गावातली माणसं जमलेली, समोर कॅमेरे. साहेब हसून खुर्चीवर बसले. मामानं ओंजळभर पाणी पिशवीत घेतलं. पाच मिनिटांनी पुन्हा. बाराव्या मिनिटाला पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. विसाव्याला एकेक कलंडू लागलं. जिऱ्याएवढी होती तेव्हापासून त्यानं वाढवलेली ही पिल्लं! पिशवी उचलून पळावं, असं त्याला दहादा वाटलं. पण मग बीज नाही, गाळ वाईट, हे त्याचं म्हणणं उद्या कोण मानणार होतं? गुडघाभर पाण्यात तो तसाच उभा राहिला, साहेबांवर चिडत, त्याहून जास्त स्वतःवर.

मग घड्याळ बघून त्यानं पिशवी उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. आत सगळी पांढरी पोटं वर आलेली.

“झाला अर्धा तास. सोडा आता.”

मामा वळला आणि टेम्पोत जाऊन बसला. साहेबांना पिशवी धरवेना, टाकवेना. फोटोवाल्यानं मात्र आपलं काम केलं.