बाय द टाइम आणि सव्वापाचची जीप

इंग्रजीत ‘बाय द टाइम’ शिकवायचं म्हणजे उदाहरण ठरलेलं: आम्ही स्टेशनवर पोहोचलो तोवर गाडी सुटली होती. विंझरच्या बाजूच्या आमच्या शाळेत रेल्वे पाहिलेली मुलं चार-पाच. म्हणून नववीला सांगितलं, पुस्तकं मिटा, कालचा दिवस आठवा आणि प्रत्येकी दोन वाक्यं लिहा. दोन अशासाठी, की एक शेजाऱ्याचं उतरवलं तरी दुसरं स्वतःचं यावं.

संध्याकाळी भोरला घरी जाताना गाडीतच वह्या तपासायला घेतल्या. मला याद्या करायची खोड आहे. वाक्यांचेही गट पाडले: जेवण, गुरं, आईचा राग, जीप. जीपचा गट सगळ्यांत मोठा निघाला. ‘बाय द टाइम जीप स्टार्ट, माय लेग इज स्लीपिंग.’ ‘बाय द टाइम जीप फुल, सर गो होम, मॅडम गो होम, डॉग गो होम.’ क्रियापदांची दशा बघून मान दुखायला लागली, पण खोटं एकही वाक्य नव्हतं.

एका मुलीचं दुसरं वाक्य असं होतं: ‘बाय द टाइम आय रीच होम, इट इज डार्क, सो आफ्टर दिवाळी नो स्कूल.’ सवयीनं आधी चुका शोधत गेले. लाल पेन शेवटाला पोहोचलं तेव्हा कुठे वाक्य वाचलं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून विचारलं. ती डोंगरातल्या सगळ्यांत वरच्या वाडीची, तिथून येणारी एकटीच. जीपनं फाट्यापर्यंत, पुढं पाव तास रानातून पायी.

“पप्पा म्हनले, दिवस बुडायच्या आत घरात पायजे. रानात डुकरं हायती. दिवाळीपत्तोर बघनार, मग बास.”

गृहपाठ केला नाही हे सांगावं तशा आवाजात तिनं ते सांगितलं. अशा मुलींची यादी मी आधीही केली होती. त्या यादीतल्या तिघींची लग्नं झाली, तेव्हा पान फाडून टाकलं. या खेपेला नवीन पान उघडायचाही कंटाळा आला होता. तरी उघडलं.

शाळा पावणेपाचला सुटते. जीप तिठ्यावरच उभी असते, पण ती घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. म्हणजे सहा, कधी साडेसहा. जीपवाल्यांना सगळे चाचा म्हणतात. मी मुलांच्या वह्या घेऊन गेले.

“चाचा, पोरांनी तुमच्यावर लिहिलंय.”

“माझ्यावर? निबंद?”

मराठी करून वाचून दाखवलं. कुत्र्याच्या वाक्याला ते पोट धरून हसले. वरच्या वाडीच्या मुलीचं वाचलं तेव्हा फडकं घेऊन काच पुसायला लागले. मी म्हटलं, सव्वापाचला निघालात तर ती उजेडात घरी पोहोचेल.

“मॅडम, अकरा मान्सं बसवा. सव्वापाच कशाला, पाचला निगतो.”

“पाच तर शाळेचीच आहेत.”

“पोरं पाच म्हंजे सीटा तीन.”

उरल्या आठ. रोज वर कोण जातं, किती वाजता मोकळं होतं, हे चार दिवस विचारत फिरले. अंगणवाडीची ताई एक. रोपवाटिकेतल्या बाया तीन. भातगिरणीवरचा एक. शाळेमागं बांधकामावर असलेले गवंडी दोन. या सातांना लवकर सुटायचं मान्य झालं. आठव्या भाजीवाल्या मावशी. त्या सहापर्यंत पाटी हलवत नसत.

“बाई, तुमच्या पोरीच्या शाळंपायी म्या मेथी गटारात वतू व्हय?”

“उरलेली मेथी माझ्याकडं द्या.”

जीप सव्वापाचला सुटायला लागली. आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस मेथी व्हायला लागली. नवरा ताटाकडे बघून नुसतं “आज शाळा भरली होती वाटतं” म्हणायचा. कोण येणार नाही ते आदल्या दिवशी विचारायचं, बदली माणूस शोधायचं, हे रोजचं झालं. वर्गात शिकवून घसा जात नाही इतका तिठ्यावर जायचा.

दिवाळीनंतर सोमवारी शाळा उघडली. मुलगी आली होती, पण वर्गात म्हणाली, “पप्पा म्हनले, आज बघायचं.” आणि त्याच दिवशी गवंडी नव्हते. काम संपवून ते गावाला गेले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली.

“नऊच हायती मॅडम,” चाचा म्हणाले. “दोन पायजेत.”

मुलगी मागच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी मेथीची पिशवी घेऊन आत चढले आणि शाळेला कुलूप लावून घरी निघालेल्या शिपाईमामांना हाक मारली.

“मी? माझं घर खाली हाय मॅडम!”

“याच जीपनं परत येऊ. बसा.”

पोरं खिदळली. मामा पुटपुटत बसले आणि जीप निघाली.

फाट्यावर पोहोचलो तेव्हा डोंगराच्या माथ्यावर ऊन होतं. मुलीचे वडील बंद बॅटरी हातात घेऊन उभे होते. त्यांनी आधी पश्चिमेकडे बघितलं, मग जीपमध्ये.

“मॅडम, तुमी कशाला वर आलात?”

“सीट भरायला.”

“आन उद्या कोन बसनार?”

मी माझ्या याद्यांच्या वहीत ‘मंगळवार’ लिहून खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

“माझं नाव लिवू नका,” मामा मागून म्हणाले.

वडिलांनी वहीत डोकावून बघितलं. “बुधवारी मी खाली येतो. सकाळच्याला जातो, ते दुपारी जाईन. वर येताना एक सीट माझी धरा.” मग मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं आणि चालायला लागले. चार पावलांवर थांबून म्हणाले, “उद्या पाठवतो. परवाचं परवा.”

भोरला पोहोचेतोवर आठ वाजून गेले होते आणि मेथी सुकली होती. निवडायला बसले. वही शेजारी उघडीच होती. बुधवारची एक ओळ भरली होती, मंगळवारच्या दोन्ही अजून मोकळ्याच.