पायाचे अंगठे

कॅम्पातल्या एका रिकाम्या बराकीत आम्ही दहा-बाराजण सकाळी योगासनं करायचो. बहुतेक कारखान्यातले कारकून. फाळणीनंतर सिंधमधून आलेला एक म्हातारा निर्वासितही यायचा. तो सगळ्यांना 'साईं' म्हणायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही.

आसनं तो आमच्याबरोबर करायचा, पण शेवटच्या शवासनाला कधीच आडवा झाला नाही. आम्ही डोळे मिटून पडलो की भिंतीला टेकून बसायचा आणि आसनं शिकवणाऱ्या गुरुजींनी खूण केली की एकेकाच्या पायाचा अंगठा हलकेच दाबून उठवायचा. म्हातारा कंटाळा करतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा मला लहर आली. त्याने अंगठा दाबला तरी मी हललो नाही. त्याने पुन्हा दाबला. मग एकदम माझ्या छातीवर त्याचा कान टेकला.

मी दचकून उठलो. म्हणालो, "अहो, गंमत केली."

तो माझा पाय धरून बसला. म्हणाला, "साईं, हमारी गली में सब ऐसे ही पडे थे. मैंने हर एक का अंगूठा दबाया था."

मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशीही तो आला. शवासनात पडल्यावर मी मुद्दाम अंगठे हलवत राहिलो, त्याला लांबूनच दिसावेत म्हणून. मग डोळे किलकिले करून पाहिलं, तर ओळीतल्या सगळ्यांचेच अंगठे हलत होते.